माजी सैनिकाने नागपुरात नाटक, विनोद आणि फोटोग्राफीत पाय कसा रोवावा

फौजेत पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पेन्शनवर आलेला नायक किंवा हवालदार बहुतेक वेळा चाळिशीच्या अलीकडेच असतो. अग्निवीर तर चार वर्षं संपवून पंचविशीच्या आसपास घरी येतो. पुढे काय, याची कामठीत, वायुसेनानगरात ठरलेली उत्तरं आहेत: बँकेत गार्ड, सुरक्षा एजन्सी, नाहीतर एखादी सरकारी भरती. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्याने बडा खान्याला, म्हणजे युनिटच्या सामूहिक मेजवानीला, नकला करून अख्खी कंपनी हसवली किंवा ज्याच्या गळ्यात कायम युनिटचा कॅमेरा असायचा, त्याच्यासाठी दुसरी वाटही आहे. अच्युत पोतदार १९६७ मध्ये लष्करातून कॅप्टन म्हणून बाहेर पडले, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली आणि चाळिशी ओलांडल्यावर पडद्यावर आले. बिक्रमजीत कंवरपाल २००२ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर अभिनेते झाले. उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही.

चूक होते ती क्रमात. ग्रॅच्युइटी हातात पडली की आधी महागडा पोर्टफोलिओ काढला जातो आणि मग थेट अंधेरीत खोली. सहा महिन्यांत पैसे संपतात आणि हातात ना प्रयोग ना कामाची चित्रफीत. क्रम असा ठेवा: आधी कॅमेरा, मग तालीम, मग माइक आणि सगळ्यात शेवटी मुंबई. कॅमेऱ्यामुळे तालमीच्या खोलीचं दार उघडतं. तालमीत फौजेने घट्ट केलेला आवाज आणि शरीर मोकळं होतं. ते झालं की विनोदाला बळ येतं. या सगळ्यातून जमलेले फोटो आणि फिती घेऊन मुंबईला गेलात, तर सांगण्यासारखं काहीतरी जवळ असतं.

सुटण्याआधी आणि सुटल्या सुटल्या

नोकरीच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, कोर्स करता येतात आणि जेसीओ (कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) व इतर रँकचं, म्हणजे जवानांचं, शुल्क डीजीआरच भरतं. यादी दरवर्षी निघते. त्यात फोटोग्राफी, व्हिडिओ किंवा मीडियाचं काही असेल तर ते घ्या. नसेल तर छोट्या व्यवसायाचा किंवा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स घ्या, कारण पुढे गिऱ्हाईक तुम्हालाच शोधायचं आहे. नाव युनिटमार्फत जातं, म्हणून सुटीच्या आणि मूव्हच्या धावपळीत अर्ज मागे पडू देऊ नका.

घरी आल्यावर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळणारं माजी सैनिक ओळखपत्र यांच्या प्रती एकत्र लावून ठेवा. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरची वार्षिक ओळख पडताळणी मोबाइलवरून करायला शिका. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या, दौऱ्यावर असताना पेन्शन अडकली तर घरच्यांची धावपळ होते.

पैशाचा नियम सोपा आहे. घर पेन्शनवर चालवा, कला स्वतःच्या कमाईवर. पेन्शनचा विकलेला भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो, तोवर दरमहा कमीच रक्कम येते. तो पैसा लेन्समध्ये घालू नका. अग्निवीराला पेन्शन नाही, सेवानिधी साधारण ११.७१ लाखांचा. त्याने निदान दोन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत टाकून मगच या वाटेला लागावं.

शिक्षणाबद्दल एक इशारा. १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारा पदवीसमकक्ष दाखला नोकरभरतीसाठी असतो, नाट्यशाळेच्या प्रवेशाला तो पदवी म्हणून चालेल असं धरून चालू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वयाची अट तिशीची आहे. म्हणजे अग्निवीराने पदवी पूर्ण केली आणि काही नाटकं गाठीशी बांधली तर त्याला ती वाट खुली आहे, हवालदाराला नाही. हवालदारासाठी पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचे लघु अभ्यासक्रम आणि स्थानिक कार्यशाळा जास्त उपयोगाच्या.

कॅमेरा: आधी नाटकाचे फोटो

पहिला संच छोटा ठेवा. २४ मेगापिक्सेलची वापरलेली बॉडी, १८-५५ची किट लेन्स, ५० एमएम एफ १.८, दोन बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं. दोन वर्षं यावर आरामात निघतात.

वापरलेला कॅमेरा घेताना दुकानातच चार गोष्टी तपासा. शटर किती वेळा चाललं आहे तो आकडा बघा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंचित आउट ऑफ फोकस फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. लेन्स उघडी करून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नका. बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. गरगर फिरली तर ती फुगलेली आहे.

नागपूरचं हवामान दोन टोकांचं आहे आणि दोन्ही टोकं कॅमेऱ्याला मारक. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा बंद गाडीत कॅमेरा कधीच ठेवायचा नाही. उन्हात लांबच्या लेन्सने काढलेले दुपारचे फोटो मऊ येतात, दोष लेन्सचा नसतो, तापलेली हवा थरथरत असते. सकाळी नऊच्या आत काम उरका. पावसाळ्यात उलट त्रास. एसीतून बाहेर आलात की काचेवर दव धरतं, तेव्हा कॅमेरा बॅगेतच २० ते ३० मिनिटं राहू द्या, मग चेन उघडा. ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. कॅमेरा कपड्यात गुंडाळून काळ्या ट्रंकेत ठेवायची सवय मात्र सोडा. कापड ओल धरतं, ट्रंकेत हवा खेळत नाही आणि एका पावसाळ्यात लेन्स जाते.

आता मुख्य काम. नागपुरात हौशी नाट्यसंस्था भरपूर आहेत. राज्य नाट्य स्पर्धेचं प्राथमिक केंद्र इथे असतं, सायंटिफिक सभागृह, वसंतराव देशपांडे सभागृह, सुरेश भट सभागृह इथे प्रयोग होत राहतात. या प्रत्येक संस्थेला बातमीसाठी, पत्रिकेसाठी, स्मरणिकेसाठी चांगले फोटो हवे असतात आणि फोटोग्राफरचं मानधन परवडत नसतं. प्रयोगानंतर विंगेत जा, दिग्दर्शकाला भेटा आणि पुढच्या नाटकाच्या रंगीत तालमीचे फोटो विनामूल्य काढून द्यायची तयारी दाखवा. अशा वेळी नकार क्वचितच येतो.

रंगमंचाच्या फोटोत नवा माणूस हमखास फसतो तो काळ्या पडद्यामुळे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळा अंधार बघतो, उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून मीटरिंग स्पॉटवर घ्या, ते चेहऱ्यावर धरा किंवा एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. मॅन्युअलवर एफ २.८ किंवा त्याहून उघडं, शटर १/२००, आयएसओ १६०० ते ३२००, फाइल रॉ. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, दर दृश्यात त्वचेचा रंग बदलेल. पिवळ्या स्पॉटलाइटला ३२०० केल्विन धरून सुरुवात करा. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर ते एलईडी दिव्यांचं लुकलुकणं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि सायलेंट शटर बंद करा. पण सायलेंट बंद केलं की खटखट आवाज होतो, तेव्हा तो वाद्यांच्या किंवा हशाच्या वेळी मारा. फ्लॅश कधीच नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, जागा फक्त अंधार झाल्यावर बदला.

फोटो देण्यात शिस्त दाखवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निवडक ४० फोटो, व्हॉट्सॲपसाठी लहान आणि छपाईसाठी मोठे, प्रत्येक कलाकाराचा निदान एक चांगला फोटो धरून. चारशे फोटो टाकून "निवडून घ्या" म्हणणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत. एकाच संस्थेच्या दोन-तीन नाटकांचे फोटो काढलेत की तुम्ही घरचे होता, आणि छोट्या भूमिकेला ऐनवेळी कोणी आलं नाही की नजर तुमच्याकडे वळते.

बाहेरच्या फोटोग्राफीत नागपूरला स्वतःचं वैभव आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी आणि पिवळी मारबत, सोबतचे बडगे (टिंगलीचे पुतळे), इतवारीतली गर्दी: इथे रुंद लेन्स लागते, पावसाचं कव्हर लागतं आणि उंच जागा सकाळीच धरावी लागते. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तिथे माणसांचे चेहरे टिपायचे तर आधी बोला, मग कॅमेरा उचला. लांबून चोरून काढलेला फोटो आणि परवानगीने काढलेला फोटो यातला फरक बघणाऱ्याला कळतो. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही जंगलं जवळ आहेत, पण तिथे ४०० एमएमची लेन्स आणि सफारीचा खर्च दोन्ही लागतं, कमाई लवकर होत नाही. ते आवडीसाठी करा.

कमाई लग्नांमधून होते. सुरुवातीला स्वतःची ऑर्डर घेऊ नका, एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा चालवा. वरात, हळद, मंगलाष्टकं यांच्या वेळा ठरलेल्या असतात, पुन्हा घडत नाहीत. दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग होत नसेल तर दर दोन तासांनी कार्ड बदला आणि भरलेलं कार्ड खिशात नाही, बंद डबीत ठेवा. घरी आल्यावर झोपण्याआधी दोन हार्ड डिस्कवर प्रत.

कामठी कॅन्टोन्मेंट, हवाई दलाचे तळ, आयुध निर्माणी यांच्या आसपास कॅमेरा काढायचा नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ड्रोनबद्दल मात्र सांगायला हवं. विमानतळापासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध लागतात आणि सोनेगावचा विमानतळ शहराला लागून असल्याने जवळजवळ सगळं नागपूर त्यात येतं. सरकारचा ड्रोनसाठीचा डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय लग्नात ड्रोन उडवायचं कबूल करू नका.

तालीम: फौजेने लावलेल्या सवयी मोकळ्या करणं

तालमीच्या खोलीत माजी सैनिकाचं पहिलं भांडवल अभिनय नसतो, वक्तशीरपणा असतो. सुरुवातीला बॅकस्टेज मागून घ्या. प्रॉपर्टीची यादी, कोणती वस्तू कोणत्या अंकात कोणत्या विंगेत, कोण उचलणार, कोण परत ठेवणार, हे तुम्ही जितकं नीट कराल तितकं हौशी संस्थेत फारसं कोणी करत नाही. शिवाय विंगेत उभं राहून एकच नाटक वीस वेळा ऐकलं की संवाद, श्वास आणि जागा आपोआप कळतात.

अभिनय करायला लागलात की चार अडचणी येतील, आणि चारही फौजेतूनच आलेल्या असतात.

आवाज. परेड ग्राउंडवर कॉशन (इशाऱ्याचा शब्द) लांबवायचा आणि हुकूम तोडायचा, म्हणजे "परेऽऽड, साव-धान!" हे अंगात इतकं मुरलेलं असतं की साधं "चहा घेता का?" हेही हुकमासारखं बाहेर येतं. आवाज मोठा असतो, पण त्यात चढउतार नसतो. रोज वीस मिनिटं असं करा: पाठीवर झोपा, गुडघे वर, पोटावर जाडसर पुस्तक. श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, छाती नाही. पाच मिनिटं नुसता श्वास, पाच मिनिटं ओठ मिटून गुणगुणणं. मग उभं राहून पेपरातली एक बातमी आधी ३ मीटरवरच्या माणसाला, मग ८, मग १५ मीटरवरच्या माणसाला वाचून दाखवा. अंतर वाढलं तरी बोलण्याचा सूर तोच, गप्पांचा, राहिला पाहिजे. फक्त श्वास वाढवायचा. वीस मिनिटांनी घसा खरखरला तर तुम्ही गळ्यावर जोर देताय. दिवसभर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, हा दोष स्वतःला उभ्या उभ्या ऐकू येत नाही.

उभं राहणं. छाती पुढे, गुडघे ताठ, वजन दोन्ही पायांवर सारखं. शेतकरी, कारकून, आजोबा, दारूडा, कोणीही करा, प्रेक्षकाला आत फौजीच दिसतो. यावर उपाय आरशात नाही, बाजारात आहे. कळमन्याच्या संत्रा मार्केटमध्ये अर्धा तास एकाच हमालाकडे बघा: वजन कोणत्या पायावर, मान कुठे, पोतं टाकल्यावर हात कुठे जातात. घरी येऊन फक्त तेवढं करा, संवाद नाही. आठवड्याला एक माणूस.

चेहरा. ही सगळ्यात अवघड गोष्ट. सीनियरसमोर, संकटात, रडू येत असतानाही चेहरा स्थिर ठेवायचं शिक्षण वर्षानुवर्षं मिळालेलं असतं. जोडीदारासमोर बसून एकच वाक्य, उदाहरणार्थ "तू आला नाहीस", दोघांनी आळीपाळीने दहा मिनिटं म्हणायचं. ठरवून भाव आणायचा नाही, समोरच्याने जसं म्हटलं तसं आपल्यात काय होतं ते तसंच पुढच्या वाक्यात येऊ द्यायचं. पहिले काही दिवस काहीच होत नाही. मग एखाद्या दिवशी अनपेक्षित हसू किंवा पाणी येतं. दिग्दर्शक समजूतदार असेल तर तो तिथे थांबू देतो. मनात दबलेलं एखादं जुनं प्रकरण वर आलं आणि रात्री झोप उडाली, तर तालमीत ताण देऊ नका. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणी मिळते, ती घ्या.

उत्तर. फौजेत प्रश्न आला की "जी साब" लगेच. रंगमंचावर हा वेग संवाद मारून टाकतो. समोरचं वाक्य पूर्ण ऐकायचं, एक श्वास, मग बोलायचं. पाठांतर करताना फक्त आपली वाक्यं रंगवू नका, समोरच्याची शेवटची तीन-चार अक्षरं वेगळ्या रंगाने रंगवा, तो तुमचा क्यू.

इथेच कानाचा प्रश्न येतो. तोफखान्यात किंवा रेंजवर वर्षं घालवलेल्यांना उंच सुरातलं हळू बोलणं कमी ऐकू येतं. तालीम सुरू करण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. एक कान कमजोर असेल तर दिग्दर्शकाला आधीच सांगा आणि चांगला कान सहकलाकाराकडे राहील अशी जागा मागून घ्या. स्फोटाचा आवाज, फटाका, लुकलुकणारा प्रकाश यांचा त्रास होत असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगायचं. लपवून प्रयोगात गडबड होण्यापेक्षा ते बरं.

भाषेकडेही लक्ष द्या. इतकी वर्षं हिंदीत गेल्यावर मराठी वाक्यात "मतलब" आणि "करके" घुसतात. रोज एका मराठी नाटकाची दहा पानं मोठ्याने वाचा. आणि बोली हाताशी ठेवा. "डोळा"चा "डोया", "पाणी"चं "पानी" हे तुम्हाला घरातून मिळालेलं आहे. प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी यांच्यात सहज ये-जा करणारा नट दोन्हीकडे कामाचा ठरतो. आकाशवाणी नागपूर केंद्राची नाट्यविभागाची आवाजचाचणी निघेल तेव्हा तीही द्या.

एका हंगामात एखाद्या संस्थेबरोबर राज्य नाट्य स्पर्धेत उतरा. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते काम ऐनवेळी राहतं, म्हणून तुम्ही अंगावर घ्या.

झाडीपट्टी

पैसे मिळवत रंगमंच शिकायचा असेल तर नागपूरपासून जवळ याहून चांगली शाळा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने, रात्र-रात्र नाटकं चालतात. नाटक कंपन्यांचं केंद्र वडसा. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी मार्गे जायचं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

ठरवाठरवी पावसाळ्यात, हंगामाच्या आधी होते, दिवाळीत जाऊन काम मिळत नाही. मानधन प्रयोगावर असतं. प्रवास, जेवण आणि रद्द झालेल्या प्रयोगाचं काय, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. इथे तालमी कमी, प्रॉम्प्टरवर भिस्त जास्त, प्रेक्षक हजारोंनी आणि गाणी थेट वाजणाऱ्या साथीवर. रात्री दहानंतर सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत ओढण्याची ताकद फौजीकडे असते, पण घसा सांभाळा: दर प्रवेशानंतर कोमट पाणी, आणि दोन प्रयोगांमध्ये गाडीत गप्पा नाहीत, झोप.

माइक: पाच मिनिटांचा विनोद

धरमपेठ, सदर भागातल्या कॅफेंमध्ये ओपन माइक होतात. हिंदी जास्त चालते आणि तिथे फौजेतली हिंदी उपयोगी पडते. मराठीत, विशेषतः वऱ्हाडीत, बोलणारा मात्र उठून दिसतो. नाव नोंदवलं की चार-पाच मिनिटं मिळतात. हशा धरून पाच मिनिटांना ५०० ते ५५० शब्द पुरतात. ७०० लिहून नेलेत तर धावत सुटाल. वेळ संपत आली की मोबाइलचा टॉर्च दाखवतात. तो दिसल्यावर नवीन विनोद सुरू करायचा नाही.

माइक तोंडापासून दोन-तीन इंचांवर, जाळी मुठीत धरायची नाही, स्टँड उचलून मागे ठेवायचा. स्पीकरकडे माइक गेला की किंचाळी येते.

फौजेतला अनुभव विनोदाला भरपूर खाद्य देतो, पण नागरिकाला "रगडा" (शिक्षेची मेहनत), "फॉलिन" (रांगेत उभं राहणं), "आउटपास" कळत नाही. शब्द आधी एका ओळीत समजवायचा, विनोदाच्या टोकाला नाही. एक नमुना घडवून बघू. कच्चं रूप: "रिटायर झालो तरी पहाटे पाचला उठतो, घरच्यांनाही उठवतो, ते वैतागतात." यात चित्र नाही. आता असं: "फौजेत गेटबाहेर जायचं तर आउटपास लागतो. साहेबाची सही, तारीख, वेळ. रिटायर झाल्यावर पहिल्याच दिवशी पहाटे पाचला घरच्यांना रांगेत उभं केलं. पोट्टं म्हणते, 'मी आजीकडं चाललो बाबा, द्या आउटपास.'" तीन गोष्टी बदलल्या. शब्द आधी पेरला, शेवटचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी गेलं, आणि हशाचा शब्द अगदी टोकाला आला. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि हशाचा शब्द त्याच्या आड जातो: "मला आउटपास द्या म्हणते" म्हटलं की "द्या म्हणते" बोलेपर्यंत हसणारा थांबतो. बोलीतली वाक्यं उलटी फिरवता येतात, ती फिरवा.

प्रत्येक वेळी ध्वनिमुद्रण करा. घरी संहितेवर हशाच्या जागी खुणा करा. एखादी ओळ तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडली तर काढा. एकदाच पडली तर ठेवा, त्या दिवशी खोली थंड असू शकते. वेळेचं भान शिकायला विनोदी चित्रफितींपेक्षा आपली खडी गंमत, म्हणजे विदर्भातला तमाशासारखा खेळ, बघा: ढोलकीच्या थापेवर शाहीर थांबतो कुठे, नाच्या उत्तर कधी टाकतो. आणि मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे बघा. महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत कोणालाही तीन-चार शब्दांच्या घोषणेत पकडायची नागपूरकरांची हातोटी तिथे दिसते.

मर्यादा पक्क्या ठेवा. १९२३चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू आहे. तैनातीची जागा, संख्या, हत्यारांची माहिती, कारवाईचा तपशील विनोदातसुद्धा नाही. कॅफेत तीस माणसं असतात पण क्लिप कुठेही पोचते. शहीद साथीदार, त्यांची कुटुंबं आणि दुसऱ्या रेजिमेंटची जात-प्रांत यांवर विनोद करू नका. मेसचं जेवण, सुटीचा अर्ज, सिव्हिलमध्ये आल्यावरची फजिती, एवढं पुष्कळ आहे.

मुंबई आणि ऑडिशन

दोन हंगाम नाटक आणि निदान वीस मिनिटांचा पारखलेला विनोद जमल्याशिवाय खोली भाड्याने घेऊ नका. बरंचसं काम आता घरून पाठवलेल्या सेल्फ टेपवर होतं. फोन आडवा, स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीवर. मागे साधी राखाडी किंवा फिकट निळी भिंत. खिडकीकडे तोंड करून उभे राहा, पाठ नाही. पंखा बंद. सुरुवातीला नाव, वय, उंची, शहर. मग डावी-उजवी बाजू, दोन्ही हात. प्रसंग छातीपासून वर. समोरच्याची वाक्यं म्हणणारा लेन्सच्या बाजूला, तुमच्यापेक्षा हळू बोलणारा हवा. हेडशॉट तुमचेच मित्र फोटोग्राफर काढू शकतात: ५० एमएम, सावलीतला उजेड, दाढीसह एक, दाढीशिवाय एक, गणवेश नको.

ऑडिशनसाठी, नोंदणीसाठी किंवा "भूमिका पक्की" म्हणून कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा. कलाकारांची संघटना सिंटा आहे, पण तिचं सदस्यत्व म्हणजे काम मिळण्याची हमी नव्हे.

पहिल्या भूमिका इन्स्पेक्टर, बॉडीगार्ड, सुभेदार अशाच येतील. घ्या, पण प्रत्येक तिसऱ्या टेपमध्ये कारकून किंवा मवाळ बाप पाठवत राहा, नाहीतर यादीत तुमच्यापुढे कायमचं "फौजी" लागतं. त्याबरोबरच सेटवर लष्करी सल्लागाराचं कामही मागा, ते तुमच्याइतकं कोणाला येत नाही. सॅल्यूटमध्येच चुका होतात: थलसेनेत तळहात समोर दिसतो, नौदलात तो जमिनीकडे असतो, हवाई दलात ४५ अंशांत तिरपा. आपल्या सैन्यात उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत, सावधान होतात. मेडलचा क्रम, बॅजची बाजू, रँकच्या फिती, एवढ्यांची छापील यादी करून दिग्दर्शन विभागाला शूटिंगच्या आदल्या दिवशी द्या. संरक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सैन्यावरच्या चित्रपट-मालिकांसाठी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगितलं आहे, हेही निर्मात्याच्या कानावर घाला. सेटवर बंदूक हातात आली की ती डमी आहे असं कोणी म्हणालं तरी स्वतः उघडून बघा, आणि कोरी काडतुसं असली तर जवळून कोणावर रोखू नका. कोऱ्या काडतुसातूनही वेगाने गरम वायू आणि कण बाहेर येतात.

स्वतःचा जुना गणवेश घालून रील करू नका. सैनिक नसताना सैनिक वाटावं या हेतूने तसा गणवेश घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पोस्टरवर रँक लिहायची असेल तर नावानंतर "निवृत्त" हवंच.

हिशेब

लग्नाची असो की नाटकाची, ऑर्डर व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या: तारीख, तास, काय देणार, किती दिवसांत, रद्द झालं तर किती कापणार. रकमेचे तीन भाग करा: तारीख पक्की करताना, कामाच्या दिवशी सकाळी, आणि फोटो देताना. शेवटचा भाग मिळेपर्यंत मूळ फाइली हातातून सोडू नका.

उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवांना जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर लागते, तोवर बिलावर जीएसटी लावायचा नाही. पेन्शन आणि कलेची कमाई विवरणपत्रात वेगवेगळ्या शीर्षांखाली जातात. चित्रपट कलाकारांना गृहीत उत्पन्नाची योजना मिळते, त्यात मिळकतीचा निम्मा भाग नफा धरला जातो आणि हिशेबाच्या वह्या सोप्या होतात. लेन्स, प्रवास यांचा खरा खर्च त्याहून जास्त होत असेल तर सीएला विचारून नेहमीच्या पद्धतीने भरा. निर्माता मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, हे दर तीन महिन्यांनी आयकर पोर्टलवर बघा. दिसत नसेल तर बिलाची प्रत आणि पॅन क्रमांकासह निर्मात्याच्या अकाउंटंटला लगेच लिहा, कारण दुरुस्तीचं विवरण त्यालाच भरावं लागतं आणि युनिट एकदा पांगलं की माणूस शोधणं कठीण जातं.